अस्वलाच्या तक्त्यातला शेवटचा रकाना

मागच्या वर्षी मी तुमच्याकडे कॅनडात आले होते, तिथून सुरुवात करते. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं आणि तुम्हा दोघांना त्यातला निम्माच भाग माहीत आहे. उरलेला निम्मा मी अजून कोणालाच सांगितलेला नाही.

तुमच्यातली थोरली तेव्हा दर शनिवारी तिथल्या प्राणिसंग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जायची. एका शनिवारी ती मला बरोबर घेऊन गेली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटी, पाटीला चिमट्याने लावलेला छापील तक्ता. पांढऱ्या अस्वलाच्या काचेसमोर उभं राहायचं, दर मिनिटाला घड्याळ बघायचं आणि त्या क्षणी अस्वल काय करतंय त्या रकान्यात खूण करायची. चालतंय, पोहतंय, खातंय, खेळतंय, झोपलंय. शेवटचा रकाना होता, 'दिसत नाही'. मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं, असे तक्ते जन्मभर भरले. नातीचं नीटनेटकं काम बघून मला बरं वाटलं. एवढ्या लांब जाऊनही माझं काहीतरी तिच्यात उतरलं होतं.

मग मी अस्वलाकडे बघितलं.

ते पांढरं नव्हतं. जुनी लोकरीची शाल बऱ्याच धुण्यांनंतर पिवळसर पडते, तसा त्याचा रंग होता. काचेच्या कडेने ते चालत होतं. अकरा पावलं. अकराव्या पावलाला मान डावीकडे वर झटकायची, वळायचं, पुन्हा अकरा पावलं. मी मोजत राहिले. दहा नाहीत, बारा नाहीत. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या जागी बरोबर पडत होतं आणि तिथला सिमेंटचा रंग बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळा झाला होता. एक लहान मूल अस्वल नाचतंय म्हणून टाळ्या पिटत होतं. मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. आपण चालतोय हे त्याला ठाऊक नसावं असं मला वाटलं.

थोरलीने समजावून सांगितलं. मोकळं असताना हे जनावर बर्फावरून मैलोन् मैल जातं, वासावरून भक्ष्य हुडकतं. इथे हुडकायला काहीच नाही, म्हणून ते असं चालतं. त्यावर उपाय म्हणून रखवालदार त्याला काम देतात. मासे बर्फाच्या लादीत गोठवून ठेवायचे, भोकं पाडलेल्या पिंपात खाऊ दडवायचा, दगडांना दालचिनीची पूड चोळायची, कधी दुसऱ्या प्राण्याच्या बिळातलं गवत आणून टाकायचं. म्हणजे घरात कोण येऊन गेलं याचा वास घेत ते दिवसभर हिंडतं. याला ती एनरिचमेंट म्हणाली. मराठीत काय म्हणायचं म्हणून तिने मला विचारलं, तेव्हा मला सुचलं, मन रमवणं.

"आणि हे कुठे ठेवलंय, कोणी ठेवलंय, ते त्याला कधीच कळता कामा नये, आजी," ती म्हणाली. "कळलं की संपलं."

मी मान डोलावली. वाक्य चांगलं होतं.

नंदुरबारला परत आले तेव्हा गावाबाहेर मिरची वाळत पडली होती. त्या दिवसांत आमच्याकडे वाऱ्याची एक झुळूक आली तरी सगळी गल्ली शिंकते. घर जसं सोडून गेले होते तसंच होतं. फक्त मधल्या खोलीत भिंतीवर तुमच्या बाबाने सांगून बसवून घेतलेला कॅमेरा होता. तुमचे आजोबा गेल्यापासून तो मागे लागला होता, आणि मी दुधाचं पातेलं गॅसवर विसरून शेजारच्या मारवाडी कापडवाल्यांकडे गप्पा मारत बसले, त्या दिवशी त्याच्या हाती कारण आलं. धूर बघून कापडवाल्यांची सूनच धावली होती. तेव्हाच ठरलं. पुन्हा असं काही झालं, मी काही विसरले, हरवलं, सांडलं, तर घर बंद करायचं आणि मी तुमच्याकडे कायमचं यायचं. मी कबूल केलं. शब्द दिला की मी पाळते.

पण मला जायचं नव्हतं, हेही लिहून ठेवते. तुमच्यावर माझा जीव नाही म्हणून नव्हे. या घरात कोणती वस्तू कुठे आहे ते मला अंधारातही सांगता येतं. तुमच्याकडे मी पाणी प्यायला उठले तरी दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपायची.

कॅमेरा मान वळवणारा होता. मी पुढच्या दारातून मागच्या दाराकडे गेले की तो माझ्या मागोमाग वळे, बारीक किरकिर करत. कधी त्यातून अचानक तुमच्या बाबाचा आवाज येई, "आई, गोळी घेतलीस?" मी भिंतीला उत्तर देई. स्वयंपाकघर आणि मागचं अंगण त्याला दिसत नसे.

पहिली वस्तू सापडली ती चष्म्याचं घर. मी ते पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवते, वर्षानुवर्षं. सापडलं तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली, माप बुडवताना टक् वाजलं म्हणून. मी ते पुसून जागेवर ठेवलं आणि कोणाला काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात शिवणयंत्राच्या खणात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा मिळाला. त्यानंतर माझ्या घरातल्या चपलेत अंगठ्याला काहीतरी गार लागलं, ती एक निळी काचेची गोटी होती. तुमच्यातल्या धाकट्याची. तो इथे येऊन गेल्याला चार वर्षं झाली होती आणि ते घर मी त्यानंतर कितीदा झाडून काढलं असेल. मग एका दुपारी जेवायला बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघून घास तोंडात तसाच राहिला. डोंगराचं चित्र उजवीकडे असतं, होडीचं डावीकडे. आता होडी उजवीकडे होती. तीस वर्षांत ती चित्रं कोणी हलवली नव्हती. दोन्ही अगदी सरळ टांगलेली होती, मी टांगते तशी.

आमच्याकडे कामाला येणारी बाई तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षं येते आहे, वस्तू जागच्या जागी ठेवायला मीच तिला शिकवलं, सुरुवातीला रागावून, नंतर सवयीने. तिला मी आडून विचारलं, चित्रं पुसायला काढली होतीस का? ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "माले काय मालूम, बाई. तुमीच ठेयेल व्हई."

तुम्हीच ठेवलं असेल.

मी एक वही केली. तारीख, वस्तू, मूळ जागा, सापडलेली जागा, शेरा. पाचवी नोंद किल्लीची. पुढच्या दाराची किल्ली मला दह्याच्या भांड्यात मिळाली, विरजण लागलेल्या दह्याच्या आत, पळी घातल्यावर. दही घट्ट लागलं होतं, वर एक तडाही नव्हता. म्हणजे दूध कोमट असतानाच ती आत गेली होती आणि विरजण मीच लावलं होतं, म्हणून तारीखही विरजण लावल्याची घातली. सहावी, उशीखाली चिंचेचं बुटूक. आणि सातवी वस्तू नव्हतीच, तो वास होता. एका सकाळी बाजारातून आले, मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि तुमच्या आजोबांच्या दाढीच्या साबणाचा वास आला. पुसट नव्हे. ते आत्ताच दाढी करून उठून गेल्यासारखा, ओला, ताजा. त्यांच्या खुर्चीजवळ तो दाट होता, खिडकीजवळ विरळ. मी खुर्चीसमोर उभी राहिले, आणि खोटं कशाला सांगू, मी विचारलं, "आलात का?"

उत्तर आलं नाही, हे बरं की वाईट ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

वहीत सात ओळी झाल्यावर मी तारखांकडे बघितलं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी दोन-तीन तास वीज बंद ठेवतात. सहा नोंदी त्या दिवसाच्या होत्या. वीज गेली की कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझतो आणि त्याची मान जिथे असेल तिथे थांबते. घरात जे काही होत होतं ते कोणी बघत नसतानाच होत होतं. फक्त किल्लीचा दिवस वेगळा होता. मला वाटलं, ती तारीख मीच चुकीची लिहिली असेल, आणि त्यावर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं.

यातून दोनच अर्थ निघत होते. एक, तुमचे आजोबा. दोन, मीच. वीज गेली की मी कोणी दुसरीच होते, वस्तू हलवते आणि वीज आली की विसरते. पहिल्या अर्थाची मला भीती वाटत नव्हती.

मी तुमच्या बाबाला भिंतीवरच्या कॅमेऱ्यातूनच सांगितलं की तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला जाते आहे, आणि एस.टी.ने शहाद्याला एका डॉक्टरांकडे गेले. माणूस तरुण होता, सभ्य होता. त्याने आजचा वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. त्याआधी तीन शब्द दिले होते लक्षात ठेवायला. शेवटी विचारले. मी म्हटलं, आंबा, खुर्ची. तिसरा आला नाही. आयुष्यभर मुलांना बाकावर उभं करणारी मी, त्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसले होते. तो म्हणाला, इतकं घाबरायचं कारण नाही, वयाने होतं, पण पुढच्या वेळी घरचं कोणीतरी बरोबर आणा. मी हो म्हटलं. घरचं कोण आणणार होते मी?

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. प्रकाशाच्या पुलावर बस आली, खाली तापीचं पात्र पसरलेलं, पाणी हलत नसल्यासारखं. नदी. तिसरा शब्द नदी होता. मी तो मोठ्याने म्हटला असणार, कारण शेजारची बाई मला नीट बसायला जागा देण्यासाठी सरकली. मग मी तिथे उतरून दर्शन घेतलं. बाबाला सांगितलेलं निदान खोटं ठरलं नाही.

त्यानंतर वीज जायच्या दिवसाची मी वाट पाहू लागले. आदल्या संध्याकाळपासून माझं लक्ष कशात लागत नसे. सकाळी सातला उठून मी तयार असे, आणि आज काय, कुठे, या विचाराने पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जात असे. हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे दाखवलं गेलं.

शेवटी एका त्या दिवशी मी पिशवी घेऊन, चपला वाजवत, बाजाराला जाते म्हणून बाहेर पडले आणि बोळातून मागे येऊन कोठीच्या खोलीत शिरले. दाराच्या फटीतून मधली खोली दिसते. वीज गेली. हिरवा दिवा विझला, कॅमेऱ्याची मान खाली झुकलेली राहिली. घर इतकं शांत झालं की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

कामाची बाई आत आली. तिने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. पदराच्या गाठीतून काहीतरी सोडलं, वाटीतल्या पाण्यात भिजवलं, आणि तुमच्या आजोबांच्या खुर्चीसमोर बसून खुर्चीच्या दोन्ही हातांना ते हळूहळू चोळू लागली. एकाग्र, देवाची मूर्ती पुसावी तशी. साबणाचा वास फटीतून माझ्यापर्यंत आला. तेवढा वेळ तिचे ओठ हलत होते. नंतर कळलं, ती माफी मागत होती, त्यांची.

मी दार उघडलं. ती दचकली नाही, फक्त वाटी खाली ठेवून बसून राहिली.

"मी चोरी नही करी, बाई," ती म्हणाली.

चोरी कोण म्हणतंय, मी म्हटलं, हे काय चालवलंयस ते सांग.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थोरलीने तिच्या फोनवर आवाजात निरोप पाठवले होते, दर आठवड्याला एक. काय ठेवायचं, साधारण कुठे ठेवायचं. धाकट्यानेही. गोटीची कल्पना त्याची होती, ती त्याने जाताना हिलाच देऊन ठेवली होती, आठवण म्हणून, आणि हिने ती चार वर्षं देव्हाऱ्याजवळ जपली होती. साबण तिने चार दुकानं फिरून आणला, कारण तो आता सगळीकडे मिळत नाही. आणि बाबाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून कॅमेरा बंद असतानाच.

"पोरीनी सांगेल व्हतं, आजीले सांगानं नही. सांगं तर संपनं."

कळलं की संपलं. वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

मी खुर्चीवर बसले, त्या ओल्या हातांवर हात ठेवून. विचारलं, पण का? माझं काय बिघडलं होतं? तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला माझी दया आली हे तिला लपवता आलं नाही.

"बाई, तुमी सारखं चालीच ऱ्हायनात," ती म्हणाली. "तुमले मालूम नही का?"

मी सारखी चालत असते, हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी, तुमची सकाळ असताना, मी थोरलीला फोन केला. रागावणार होते, वाक्यं तयार केली होती. तिने ती म्हणू दिली. मग रडत रडत सांगितलं की बाबाच्या फोनवर कॅमेऱ्यात मी तिला दिसायचे, आणि एका रविवारी तिने सहज, सवयीने, माझा तक्ता भरला, आणि पुढेही अधूनमधून रविवारी भरत राहिली. धाकट्याने घड्याळ धरलं. ते तक्ते तिने मला पाठवले, आणि मी मागितलं म्हणून चित्रणही.

मी ते जेवणाच्या टेबलाशी बसून बघितलं. वरून घेतलेलं, खोली थोडी गोल दिसणारी. एक म्हातारी बाई, सुती साडी, पाठीवर वेणी. पुढच्या दारापासून चालत येते. चौदा पावलं. मागच्या दाराशी थांबते, उजवा हात कडीला लावते, कडी उघडत नाही. हनुवटी वर करते. वळते. पुन्हा चौदा पावलं. कॅमेरा तिच्यामागे मान वळवतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी फोन कानाजवळ नेला तर पावलांचा आवाजही येत होता. प्रत्येक वेळी तितकाच, त्याच ठिकाणी. त्या बाईच्या चेहऱ्यावर कोणी नव्हतं.

मी फोन पालथा घातला, उठले, आणि गुडघ्यांवर बसून फरशी बघितली. तिरप्या उजेडात स्पष्ट दिसत होती. दोन दारांमध्ये एक वीतभर रुंदीची वाट, बाकीच्या शहाबादीपेक्षा फिकी. वीस वर्षं ती फरशी मी पुसून घेते आहे, कोपरा न् कोपरा दाखवून. ती वाट मला कधी दिसली नव्हती.

बरेच दिवस मी बोलले नाही. तुम्हाला वाटलं, आजी रागावली. राग नव्हता. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तरी मला पावलं जपून, वेगळ्या जागी टाकावी लागत, आणि तरी मध्येच लक्षात येई की हात कडीवर आहे.

मग धाकट्याने फोनवर कशाबद्दल बोलायचं ते विचारलं, म्हणून मी त्या अस्वलाची चौकशी केली. थोरली म्हणाली, ते जरा बरं आहे. बर्फातल्या माशांचा फारसा उपयोग झाला नव्हता. रखवालदार मासे रोज अकरालाच आणायचा, त्याची ड्यूटीच तशी होती, आणि दहा वाजल्यापासून अस्वलाच्या फेऱ्या दुप्पट व्हायच्या. कधी येणार हे ठाऊक झालं की ती गंमत राहत नाही, वाट पाहणं होतं. मी तिला म्हटलं, तुझीही तीच चूक झाली, बाळा. तुझ्या गमतीला वेळापत्रक होतं, वीज मंडळाचं. वेळापत्रकाशिवाय आपल्या घरात कोणाला काही करताच येत नाही. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

अस्वलाला बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीने. मागच्या बिळाचं दार, जे दिवसा बंद ठेवत कारण लोक तिकीट काढून येतात आणि अस्वल दिसायला हवं, ते आता दिवसभर उघडं ठेवतात. आत जायचं की बाहेर राहायचं, त्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक वेळ ते बाहेरच असतं. पण दार उघडं आहे म्हटल्यावर फेऱ्या कमी झाल्या. थांबल्या नाहीत, कमी झाल्या. तक्त्यातला 'दिसत नाही' हा रकाना मात्र भरायला लागला. त्याचं काय करायचं, थोरली म्हणाली, ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. आत ते झोपत असेल, किंवा तिथेही चालत असेल.

मी तुमच्या बाबाला जवळजवळ सगळं सांगितलं. दर्शनाच्या नावाखाली डॉक्टर, तिसरा शब्द, फरशीवरची वाट. मी म्हटलं, मला इथे राहायचं आहे आणि माझी एकच मागणी आहे. कॅमेरा मधल्या खोलीत राहू दे, पण स्वयंपाकघरात आणि अंगणात दुसरा बसवायचा बेत आहे तो सोडून दे. मागचं दार मी दिवसा उघडं ठेवणार. तो म्हणाला, आई, मला तू दिसली नाहीस की भीती वाटते. मी म्हटलं, मला माहीत आहे. शेवटी त्याने कबूल केलं, डिसेंबरात तो येऊन डॉक्टरांना भेटेपर्यंत.

आता मागचं दार उघडं असतं. कडीवर हात ठेवायची गरज पडत नाही. अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून मी बसते. तिथून भिंतीपर्यंत किती पावलं आहेत ते मी मोजलेलं नाही, मुद्दाम. कामाची बाई अजून मधून मधून काहीतरी दडवते. वार बदलते, कधी दोन आठवडे काहीच नाही. परवा गव्हाच्या पिंपात सीताफळ मिळालं, पिकून तयार. मी तिला काही विचारत नाही, ती काही सांगत नाही.

पण त्या पहिल्या दिवशी, साबण चोळताना ती सापडली तेव्हा, मी वही उघडून तिला सातही ओळी वाचून दाखवल्या होत्या. ती बोटांवर मोजत होती. चष्म्याचं घर, हो. गूळ, हो. गोटी, चित्रं, चिंच, साबण, हो. किल्लीपाशी ती थांबली.

"ते मन्हं काम नही, बाई," ती म्हणाली. "किल्ली मी कसी टाकसू दहीमां?"

थोरलीलाही मी सहज म्हणून विचारलं, काय काय ठेवायला सांगितलं होतंस? तिनेही सहाच सांगितल्या. नंतर मी तिच्या तक्त्यांत तो दिवस शोधला. योगायोगाने तो तिने भरलेल्या रविवारांपैकीच एक होता. तारीख मी बरोबर लिहिली होती, प्रश्नचिन्ह खोडून टाकलं. त्या दिवशी वीज होती. संध्याकाळभर मी चालते आहे, चालते आहे, अशा खुणा. मग मध्ये वीस मिनिटं शेवटच्या रकान्यात. दिसत नाही. त्या वेळी मी स्वयंपाकघरात होते, विरजण लावत. एवढंच मला आठवतं, आणि तेही आठवतं की असणार असं वाटतं, ते सांगता येत नाही.

हे मी बाबाला सांगितलं नव्हतं. मग मागच्या आठवड्यात एका दुपारी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. हिरवा दिवा होता. मी म्हटलं, किल्ली मीच ठेवली, रे. त्याने किरकिरत मान माझ्याकडे वळवली आणि तो तसाच बघत राहिला. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. पलीकडे कोणी होतं की नव्हतं कोण जाणे. संध्याकाळी बाबाचा फोन आला, त्याने फक्त गोळ्यांचं विचारलं.

म्हणून हे लिहिलं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, लागू दे. वाचून झालं की बाबाला वाचून दाखवा, शेवटचं पानसुद्धा. डिसेंबरात तो येईल तेव्हा ठरवू, मी त्याला अडवणार नाही. शब्द दिला आहे.

किल्ली आता पुढच्या दारामागच्या खिळ्याला असते, लाल दोऱ्याने बांधलेली. सकाळी उठल्यावर मी आधी ती बघते. वहीत पुढच्या ओळीवर आठचा आकडा मी घालून ठेवला आहे.